चालीवर आणलेली घोडी

चाकणच्या कंपन्यांचे पत्रे जिथं संपतात, तिथून पश्चिमेला पाऊण तास गेलं की रस्ता एका वळणावर खाली उतरतो आणि धामणदऱ्याचं खोरं समोर येतं. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूनं ओढा बाहेर पडतो. मधलं सगळं रान. खिंडीतून पाहिलं तर काठोकाठ भरलेल्या घंगाळासारखं दिसतं. अंजनी आहे, हिरडा आहे, जांभूळ आहे आणि उतारावर डोक्याएवढी कारवी आहे. आम्ही इथले. रानाबद्दल बोलताना आमचा आवाज थोडा चढतो, ते ऐकणाऱ्यानं चालवून घ्यावं.

ह्या खोऱ्यातल्या वाटा ज्योतीराम येळवंडेला जितक्या ठाऊक, तितक्या कुणाला नाहीत. वाट कुणी पाडली हे तो तिच्या वळणावरून सांगायचा. माणूस घाईचा, म्हणून त्याची वाट सरळ अंगावर चढते. गुरांची वाट रमतगमत जाते आणि शेवटी पाण्याला लागते. घोड्याची वाट वळसे घेत जाते, कारण घोड्याला पाठीवरच्या ओझ्याची काळजी असते. पूर्वी ह्या वळशाच्या वाटांनी तट्टांवरून कोळसा आणि हिरडा खाली जायचा. तट्टं गेली, कोळसा गेला, वाटा मागे राहिल्या.

ज्योतीराम अंगानं वाळका, उंच, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही पाठीनं ताठ. ती ताठ पाठ घोड्यावरची. येळवंड्यांच्या घराला गावात एक मान होता. आमच्याकडे चैत्रातल्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत लागते. शर्यतीच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. चढाची, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. गाड्याला चार बैल, आणि बैलांच्या पुढे एक घोडी. निशाण पडलं की घोडी सुटते आणि तिच्यामागं बैल. बैलांना वेग घोडी देते. ती कचरली तर मागचे बैल कितीही तेज असोत, बारी वाया. बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव. अकरा-बारा सेकंदांत संपते आणि पुढची यात्रा येईपर्यंत गाव तिच्यावर बोलतं. गावदेवाच्या पहिल्या बारीला पुढची घोडी येळवंड्यांची, हे ज्योतीरामच्या आज्यापासून चालत आलेलं.

त्याची शेवटची घोडी साळू. कुमाईत रंगाची, म्हणजे पिकल्या खजुरासारखी, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. चार वर्षांची असताना घाटात उतरली आणि दोन यात्रांत तिचं नाव झालं. तिला एकच गोष्ट शिकवलेली होती. मागं आरडाओरडा झाला की पुढे सुटायचं. कर्ण्यावरून पुकारणारा 'झाली, झाली, झाली' असं म्हणत जातो आणि मग लांबलचक 'भिर्रर्र' ओढतो. तो कानावर पडला की साळूचे कान मागं वळायचे आणि पाय पुढं पडायचे.

मग कोर्टाची बंदी आली. सात-साडेसात वर्षं घाटात गवत वाढलं. लोकांनी आपापल्या घोड्या वरातीवाल्यांना देऊन टाकल्या. ज्योतीरामनं साळू दिली नाही. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर तिन्ही शिफ्टमध्ये उभा राहून त्यानं तिला पोसलं. त्याची बायको मंजुळाबाई म्हणायची, मला सासू नव्हती, ती कसर ह्या घोडीनं भरून काढली.

त्याच काळात ज्ञानेश आला. रावेतचा, तिशीचा, आयटीतली नोकरी सोडलेला. त्यानं ओढ्याकाठी जागा घेऊन तंबू लावले आणि शनिवार-रविवारी पिंपरी-चिंचवडची माणसं डोंगरात चालायला आणू लागला. त्याला वाटा पाहिजे होत्या, त्या ज्योतीरामनं दाखवल्या. पुढे ज्ञानेश म्हणाला, ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडे असते तर बरं झालं असतं. ज्योतीरामनं गेटवरचं काम सोडलं, दोन तट्टं आणली. तिसरी साळू.

पण शर्यतीची घोडी अशी उठून फिरायला देता येत नाही. तिला आधी चालीवर आणावी लागते, म्हणजे उधळायचं विसरून संथ चालायला शिकवावी लागते. त्यासाठी ज्योतीरामनं जे केलं ते आमच्या गावानं रोज सकाळी पारावर बसून पाहिलं आणि पोट धरून हसलं. तो लगाम धरून पुढं उभा. मंजुळाबाई मागं परात आणि उलथनं घेऊन. ती परात बडवायची आणि पुकारणाऱ्यासारखं ओरडायची. घोडी उसळली की तो लगाम आवळून जागच्या जागी थांबायचा. घोडी थांबली की गुळाचा खडा. शेजारच्या सोजराबाईनं एकदा विचारलं, "मंजुळे, नवऱ्यावर वरडायचं ते घोडीवर वरडून घेती व्हय?"

"नवरा गुळानं थांबत न्हाई, बाई," मंजुळाबाई म्हणाली आणि परत परात बडवायला लागली.

दीड वर्ष गेलं. साळू ओरडा ऐकून चार पायांवर उभी राहायला लागली. नुसती उभी नाही, मान खाली घालून गुळाची वाट पाहत उभी. शर्यती जिंकल्या तेव्हा ज्योतीराम इतका फुगला नव्हता. घोडीला पळायला कुणीही शिकवतो, असं तो म्हणू लागला. कॅम्पवर आलेलं कुणी घोडी शांत आहे ना म्हणून विचारायचं, तर तो एवढंच बोलायचा, "ही धावत न्हाई." त्या तीन शब्दांवर लोक आपल्या आया आणि आपली लेकरं साळूच्या पाठीवर बसवायचे. चार वर्षांत एकदाही तो शब्द खाली पडला नाही.

त्या शब्दावर बसणाऱ्यांत साधनाताई होत्या. पिंपळे गुरवला मुलाकडे राहायच्या. मूळच्या लातूरकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या. नवरा लवकर गेला. गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधणाऱ्या कंपनीत सत्तावीस वर्षं उभ्यानं काम करून त्यांनी मुलगा जयदीप शिकवला आणि त्यात गुडघे घालवले. पहिल्यांदा जयदीपनंच त्यांना आणलं होतं. घोडीला हात लावायलाही त्या घाबरत होत्या. ज्योतीरामनं त्या दिवशी त्यांना बसवलंच नाही, तासभर साळूच्या मानेशी नुसतं उभं केलं. दुसऱ्या खेपेला बसवलं. तिसऱ्या खेपेपासून त्या एकट्या यायला लागल्या, बस आणि मग वडाप जीप करून, महिन्यातून एक रविवार. एकदा त्या त्याला म्हणाल्या, "दादा, सत्तावीस वर्षं मी भिंतीकडं तोंड करून काम केलंय. आता जरा लांबचं बघू द्या मला."

वरच्या वाटेवर वनदेवाची राई आहे. तिथं घोड्यावरून जायचं नाही, पायातलं काढून चालायचं, अशी आमची रीत. साधनाताईंना ते उतरणं-चढणं जमायचं नाही. तेव्हा ज्योतीराम चपला हातात घेऊन पुढं चालायचा आणि देवाला ऐकू जाईल असं म्हणायचा, "बाईचे गुडघं गेल्यात, समजून घे." हे सगळं त्यानं दुसऱ्या कुणासाठी केलेलं मी पाहिलं नाही.

बंदी उठली. पुढच्या चैत्रात यात्रा भरणार हे ठरलं आणि एका संध्याकाळी भीमराज ज्योतीरामच्या अंगणात आला. भीमराजच्या घरची जमीन कंपन्यांना गेली, तेव्हापासून त्याच्या दारात मोटारी आणि गोठ्यात शर्यतीचे बैल आहेत. तो म्हणाला की पहिली बारी गावाची, पुढं घोडी येळवंड्यांची. ज्योतीरामनं सांगितलं, घोडी चालीवर आणलीय, आता ती घाटाची राहिली नाही.

भीमराज उठता उठता म्हणाला, "मग तसं सांगा, आबा. आमी जुन्नरची घोडी आनतो. पुकारणारा तिच्या मालकाचं नाव घेईल, तुमी खाली बसून ऐका."

हे वाक्य ज्योतीरामच्या अंगात घुसलं. सकाळी तो साळूला खरारा करायला बसला. मंजुळाबाईनं ओळखलं. ती म्हणाली, "दीड वरीस परात मी बडवलीया. मला बी इचारा की."

त्यानं विचारलं नाही. एकच बारी आहे, असं म्हणाला. अकरा सेकंद. चार वर्षांची चाल अकरा सेकंदांत जात नसते. त्याला ते खरंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं. मान गावाचा होता आणि मीही गावातलाच.

यात्रेच्या दिवशी ज्योतीराम स्वतः साळूवर बसला. त्या वयाचा दुसरा कुणी घाटात नव्हता. कर्ण्यावर त्याच्या बापाचं, आज्याचं नाव घेतलं गेलं. बैल जुंपले, निशाण पडलं, पुकारणाऱ्यानं 'झाली, झाली, झाली' सुरू केलं.

आणि साळू उभी राहिली.

तिला जे शिकवलं होतं तेच तिनं केलं. मान खाली घालून उभी राहिली. घाटावरच्या हजारो माणसांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. मी खालच्या अंगाला होतो, मला ज्योतीरामचा चेहरा दिसला. तिथंच तो उतरला असता तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. लोक चार दिवस हसले असते. त्यानं लगाम सैल सोडला, पुढं वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं, स्वतः 'भिर्रर्र' केलं आणि दोन्ही टाचा तिच्या बरगड्यांत मारल्या. साळू सुटली. बैल सुटले. अकरा सेकंदांच्या आत गाडा वर. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, भंडाऱ्यानं पिवळा केला. त्याचा मुलगा ओंकार चाकणला कॉन्ट्रॅक्टवर कामाला होता आणि रविवारी कॅम्पवर हाताखाली असायचा. त्यानं ती बारी मोबाइलवर घेतली होती. दोन दिवसांत ती चाकणपासून चिंचवडपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरली.

साळू दुसऱ्या दिवसापासून बदलली. गुळाकडं तोंड वळवीना. कान सारखे मागं. गुरुवारी शेजारी कुकरची शिट्टी झाली तर तिनं दावं तोडलं. ज्योतीरामनं ते पाहिलं. दावं नवीन बांधलं आणि कुणाला बोलला नाही.

रविवारी साधनाताईंचा फेरा होता. दोन्ही तट्टं पहाटेच दुसऱ्या लोकांबरोबर वर गेली होती. ज्ञानेशनं सांगितलं, आबा, साळू काढा. नाही म्हणायला एकच वाक्य लागत होतं, की माझी घोडी आता धावते. ते त्याच्या तोंडातून निघेना. आदल्याच आठवड्यात ज्याला खांद्यावर नाचवलं, त्या माणसाच्या तोंडातून ते निघायला फार जोर लागला असता. साधनाताई साळूवर बसल्या आणि नेहमीसारखं हसून म्हणाल्या, "धावत नाही न्हवं ओ?"

"न्हाई, ताई," तो म्हणाला. "ही धावत न्हाई."

वरच्या सपाटीला लागलं की तो एरवी हातातला दोर सोडून द्यायचा, बसणाऱ्याला मोकळं वाटावं म्हणून. त्या दिवशी त्यानं दोर मनगटाला दोन वेढे घालून धरला होता. हे मला त्यानंच पुढं सांगितलं.

सपाटीवर जांभळीखाली पिंपळे सौदागरची पाच-सहा तरुण पोरं दम खात बसली होती. त्यांच्यातला धनेश म्हणून एक उठून उभा राहिला. हीच ती घोडी, म्हणाला, आणि आबा, व्हिडिओतले तुम्हीच ना. सगळे गोळा झाले. कुणी त्याचा हात हातात घेतला, कुणी त्याच्याबरोबर फोटो काढू लागलं. हात मिळवायला ज्योतीरामनं मनगटाचे वेढे सोडले. साळू तिच्या सवयीनं चार पावलं पुढं गेली. साधनाताई वरून कौतुकानं पाहत होत्या. धनेशच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं फक्त ती बारी फोनवर लावली आणि आवाज पूर्ण मोठा केला.

दोर ज्योतीरामच्या तळहाताची साल काढून गेला. घाट चढतात तशी साळू ती वाट चढली. साधनाताईंनी आयाळ धरून ठेवली होती. घळीपाशी वाट मुरडते तिथं त्या दगडांवर पडल्या. साळू तशीच पुढं टेपाडावर गेली आणि बारी संपल्यावर उभी राहते तशी छाती काढून उभी राहिली.

तंबूचं कापड आणि दोन बांबू घेऊन डोली केली. दीड तास लागला खाली यायला. डोलीचा पुढचा दांडा ज्योतीरामच्या खांद्यावर. साधनाताई रडल्या नाहीत. तोंड पांढरं पडलं होतं आणि त्या एकच बोलत होत्या, की माझीच टाच लागली असंल, दादांनी सांगितलं होतं, टाच लावू नका म्हणून. वाटेत हे चार वेळा म्हणाल्या. पुढच्या माणसानं चारही वेळा ऐकलं आणि मान वळवली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. ज्ञानेशनं कागद केला, त्यात लिहिलं की स्वाराची टाच लागल्यामुळे घोडी उधळली. साधनाताईंनी पलंगावरूनच सही केली. साक्षीदार म्हणून ज्योतीरामनं केली. ओंकारनं त्याला कागद वाचून दाखवला होता.

कॅम्प वाचला. गाव म्हणालं, देव पाठीशी होता. ज्योतीरामनं पुन्हा कुणाला साळूवर बसवलं नाही. तिचा खूर दुखतोय असं सांगून तो लोकांना पायी वाटा दाखवत राहिला. मंजुळाबाईनं एकदाच, भाकरी ताटात टाकताना, विचारलं की त्या बाईला सांगितलं का. तो जेवत राहिला. त्यानंतर तिनं विचारलं नाही, आणि दुसरंही फारसं काही बोलली नाही. वैशाख गेला, मृग गेला, आषाढ गेला.

श्रावणात एका दुपारी भारंगीची कोवळी भाजी फडक्यात बांधून तो बसनं पिंपळे गुरवला गेला. पत्ता कॅम्पच्या वहीतून घेतला होता. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. साधनाताई चार महिने खाली उतरल्याच नव्हत्या. खिडकीशी बसल्या होत्या, शेजारी चार पायांचा वॉकर. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. त्याला पाहून त्यांचं तोंड उजळलं.

"या की, दादा. घोडी कशी हाय? माझ्यावर रागावली नाही न्हवं?"

तो बसला. त्याला बोलू न देता त्याच बोलत राहिल्या. माणूस आलेलं बरं वाटलं होतं. जयदीप फार बोलतो, म्हणाल्या. ह्या वयात ही हौस कुणी सांगितली होती, म्हणतो. सून करिष्मा बोलत नाही, पण तिला महिनाभर बिनपगारी रजा काढावी लागली. खरंच आहे त्यांचं. एवढं एकच सांगितलं होतं, टाच लावू नका, तेवढंही मला जमलं नाही. रोज झोपताना आठवते मी, पाय कसा हालला असंल.

"पाय हालला न्हाई, ताई," ज्योतीराम म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. यात्रा, बारी, आपल्या टाचा, गुरुवारचं तोडलेलं दावं, मनगटाचे वेढे. काही गाळलं नाही. त्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी फडक्यातल्या भाजीकडं पाहिलं आणि मग त्याच्याकडं.

"त्या दिवशी मी तुमाला इचारलं होतं. बसल्या बसल्या इचारलं होतं."

"व्हय."

"तवा तुमाला ठावं होतं."

"व्हय."

"चार महिने माझा पोरगा मला बोलतोय, दादा. मी मलाच बोलतेय. आणि तुमी तिकडं जेवत होता."

तो उठला, तेव्हा त्या म्हणाल्या की बसा, जयदीप सहाला येतो, त्याच्यासमोर सांगा. दोन तास तो त्या खोलीत बसून राहिला. त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या. पाणीही कुणी विचारलं नाही आणि त्यानं मागितलंही नाही.

जयदीप आला. ज्योतीरामनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जयदीप ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं बुटाच्या नाड्या सोडता सोडता विचारलं, "त्या कागदावर साक्षीदाराची सही तुमचीच ना?"

"माझीच."

"ठीक आहे," जयदीप म्हणाला आणि आत निघून गेला. आईकडं त्यानं पाहिलं नाही. चार महिने जे बोलला होता त्याबद्दल एक शब्द तिथं निघाला नाही. ज्योतीराम चपला घालत होता तेव्हा मागून साधनाताईंचा आवाज आला.

"दादा, ती भाजी परत घेऊन जा."

फडकं घेऊन तो खाली उतरला. बसमध्ये मांडीवर ठेवलं होतं. ती भाजी आमच्या गावात कुणी शिजवली नाही, त्यानं फाट्यावर उतरल्यावर गुरांपुढं टाकली.

जयदीप पुढच्या रविवारी कॅम्पवर आला. आवाज चढवला नाही, कागद पुढं ठेवले. ऑपरेशनचा आणि पुढचा सगळा भार ज्ञानेशवर पडला आणि घोड्यावरच्या फेऱ्या त्या दिवसापासून बंद झाल्या. ज्ञानेशनं ज्योतीरामला बाजूला घेऊन विचारलं, "चार महिने गप्प बसला होता ना, आबा? मग तसंच राहायचं. आता कशाला तोंड उघडलं?" दोन्ही तट्टं विकली. ज्योतीरामला पुन्हा बोलावलं नाही, वाटा ज्ञानेशच्या फोनमध्ये कधीच्या उतरल्या होत्या.

गावही फिरलं. साधनाताई पडल्या तेव्हा ज्याला कुणी काही बोललं नव्हतं, त्याला खरं बोलल्यावर सगळे बोलू लागले. भीमराज पारावर सर्वांदेखत म्हणाला, "घाटाचं नाव कशापायी घेतलं? उद्या कुनी ह्यावरनं परत बंदी आनली, मग? एका बाईपायी?" पुढच्या चैत्रात पहिल्या बारीला जुन्नरची घोडी आली. भीमराजनं त्याआधी साळू विकत मागितली होती, ज्योतीरामनं दिली नाही. स्वतःही तिला घाटात नेली नाही, तिच्यावर कुणाला बसवलंही नाही. ती बांधाला बांधलेली असते. खाऊन अंगानं सुटली आहे. मागं कुणी मोठ्यानं बोललं तर अर्धी उसळते आणि अर्धी थांबते, तिलाच कळत नाही काय करायचं ते.

आता कॅम्पवर चार जाड चाकांच्या, उघड्या, फटफटणाऱ्या गाड्या आल्या आहेत. त्यांच्यासाठी वळशाची घोडेवाट जेसीबी लावून रुंद केली. कारवी उपटली, राईच्या तोंडापर्यंत मुरूम टाकला. चालवायला गावातलीच पोरं ठेवली, त्यांत ओंकार आहे. चाकणचं कॉन्ट्रॅक्ट सुटल्यावर त्याला हेच काम मिळालं. बापाशी तो कामापुरतं बोलतो. त्याचं म्हणणं एवढंच, की आई बोलली तेव्हा तिचं ऐकलं असतं किंवा पुढं तोंड मिटून राहिलं असतं, दोन्हींतलं काहीही एक केलं असतं तरी घर चाललं असतं.

ह्या दिवाळीनंतरची गोष्ट. ज्योतीराम साळूसाठी गवताचा भारा डोक्यावर घेऊन त्या रुंद केलेल्या वाटेनं खाली येत होता. मी त्याच्या मागं होतो. वळणावर समोरून गाडी आली. ओंकार चालवत होता, मागं पूनम नावाची मुलगी आणि तिचा नवरा, दोघं शहरातले, डोक्याला टोप्या. ओंकारनं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. त्या मुलीनं विचारलं की हे आजोबा कोण, इथलेच का.

"इथलेच हायेत," ओंकार म्हणाला. मग बापाकडं पाहून, हसत नाही आणि रागावतही नाही अशा आवाजात बोलला, "बाजूला व्हा, आबा. भिऊ नका, हिला ब्रेक असतो."

मागची दोघं हसली. त्यांना वाटलं म्हाताऱ्याची गंमत चाललीय.

ज्योतीराम बाजूला झाला. भारा डोक्यावर तसाच धरून उतारावरच्या उरलेल्या कारवीत शिरला, आणि गाडी वर निघून गेली तरी बराच वेळ वाटेवर परत आला नाही.